तिघी, तिघं

मंगळवारी रात्री हुडाक जिना चढून वर यायचा
स्वतःची खुर्ची घेऊन.
त्याचा टीव्ही बिघडलेला, दुरुस्तीला पैसे सुटत नव्हते,
आणि घरमालकाला बेल वाजवायची सवय नसते.

मालिका तीच. दोन मुली, एक मुलगा, एक फ्लॅट,
खालच्या मजल्यावर संशयी म्हातारा,
दाराला कान लावून उभा.
आत मुलगा पडद्याचा दांडा बसवतोय,
मुलगी म्हणतेय, ‘जरा वर... हं, आता घट्ट धर’,
आणि बाहेर म्हाताऱ्याच्या भुवया टकलापर्यंत.
हुडाक मांडीवर थाप मारायचा :
‘काय गाढव मालक आहे!’
आम्ही तिघं तेव्हा एकमेकांकडे बघायचो नाही.

तिघं म्हणजे लोरेन, रात्रपाळीची नर्स;
डेल प्रुइट, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून
टायरच्या कारखान्यात उतरलेला;
आणि मी, रबराचे रेणू मोजायला आलेली.
ॲक्रन, ओहायो, एकोणीसशे एकोणऐंशी.
भाडं दोनशे दहा, माणशी सत्तर.
हुडाकला सगळं माहीत होतं. त्याने एवढंच विचारलेलं,
एक तारखेला कुणाचं दार ठोठवायचं?

घरी मात्र मी लिहायचे,
‘आम्ही तिघी मजेत आहोत.’
बाबा वाईच्या शाळेत व्याकरण शिकवायचे.
त्यांनीच तर शिकवलेलं : बाया असतील तर तिघी,
बाप्ये असतील तर तिघे,
आणि सरमिसळ झाली की तिघं, नपुंसकलिंग.
अनुस्वार गाळून वेलांटी दिली
की डेलची मिशी साफ.
मालिकेत एवढ्याच खोट्यासाठी
बावीस मिनिटं आणि एक कोसळणारं कपाट लागायचं.

मालिकेत कुणी भांडी घासली नाहीत कधी.
आमच्याकडे फोनचं बिल फ्रिजवर चिकटलेलं,
लोरेनचे केस नळीत अडकलेले,
शेवटचं अंडं कुणी खाल्लं यावर दोन दिवस अबोला.
माझ्या फोडणीचा वास डेलच्या शर्टाला लागे;
पाळीवरची पोरं विचारायची, डब्यात काय आणलंस?

फेब्रुवारीत पाळीच बंद झाली.
रात्री दीडला मोरीत दिवा,
दार किलकिलं.
मी बाहेर अनवाणी, कान देऊन,
अगदी त्या म्हाताऱ्यासारखी.
आत डेल टबाच्या कडेवर बसून रडत होता,
आवाज झाकायला नळ सोडलेला.
गैरसमजाला कुठे जागाच नव्हती.
कुणीतरी हसेल म्हणून मी थांबले की काय,
क्षणभर.
मग आत जाऊन नळ बंद केला,
गरम पाण्याचं बिलही तिघांत होतं,
आणि शेजारी बसले.
कड थंड होती. दोघांना अरुंद.

मार्चमध्ये बर्फाचा फोटो पाठवला घरी.
नुसतं दार, पायरी, बर्फ. माणूस एकही येऊ दिला नाही.
बूट राहिले.
तीन जोड, डावीकडचा होडीएवढा.

उत्तर यायला मे उजाडला.
चि. शरयू, आईची दाढ काढली,
आठवी ‘ब’चा निकाल बरा,
कृष्णेला पाणी कमी.
आणि समासात, आडवं, बारीक अक्षरात :
‘दारातले मोठे बूट ओले दिसले.
त्याला सांग, आत कागद कोंबून ठेवत जा,
चामडं आक्रसत नाही.’

त्याला.
वहीत चूक सापडली की बाबा तांबडी रेघ मारत.
ही रेघ निळीच होती.

बर्फ वितळून दोन महिने झालेले,
तरी डेलने बूट बाहेर काढले,
माझं गणिताचं कच्चं काम चुरगाळलं
आणि चवड्यापर्यंत ठासून भरलं.
मंगळवार होता. हुडाक खुर्चीसकट दारात.
‘हे काय चाललंय?’

डेल मान वर न करता म्हणाला,
‘बाबांनी सांगितलंय.’